कंकण आणि आरसा : उंडेऱ्यापासून सुरतेपर्यंत

हातच्या कंकणाला आरसा कशाला, असे आपल्याकडे म्हणतात. जे डोळ्यांना दिसते आहे त्याला निराळा पुरावा नको, हा त्याचा अर्थ. व्यवहारात ही म्हण बहुधा खरी ठरते. रोगराईच्या बाबतीत मात्र ती आपल्याला वारंवार फसवत आली आहे. अमक्याने अमुक औषध घेतले आणि तो बरा झाला, एवढेच डोळ्यांना दिसते. तो त्या औषधाने बरा झाला, की औषध न घेताही बरा होणार होता, हे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहायला आरसाच लागतो. हा आरसा कसा घडत गेला आणि त्याच्या घडणीत आपण पिढ्यान्पिढ्या राहत आलो त्या गुजरातचा, बडोद्याच्या मराठी राज्याचा आणि आपल्या सुरत शहराचा संबंध कसा आला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

विषय वैद्यकशास्त्रातला असला तरी तो आपल्या घरातलाही आहे. या पत्रिकेच्या वाचकांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक सुरतकराला सप्टेंबर १९९४ आठवत असेल. कोणी त्या रात्री ट्रंका भरल्या असतील, कोणी दार लावून घरातच राहिले असतील, आणि कोणी खिशात टेट्रासायक्लिनची पाकिटे घेऊन आप्तांच्या घरोघर फिरले असतील. त्या दिवसांत आपण जे केले त्यातले किती शहाणपणाचे होते आणि किती केवळ भीतीपोटीचे, याचा हिशेब आपण समाज म्हणून कधी मांडला नाही. तो मांडायचा तर थोडे मागे, शतकभर मागे जावे लागते.

मुंबईचा प्लेग आणि भायखळ्याचा तुरुंग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले आणि हा प्लेग आहे असे त्यांनी सांगितले. प्रारंभी अनेकांचा विश्वास बसला नाही. पुढे बसला तेव्हा मुंबई रिकामी होऊ लागली होती. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांद्र येर्सँ यांनी शोधला होता. तो माणसापर्यंत उंदरावरच्या पिसवांमार्फत पोहोचतो, हे मात्र पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे पहिली दोन वर्षे सरकारचा लढा ज्या मार्गाने चालला होता त्या मार्गाने रोग येतच नव्हता. घरे धुणे, कपडे जाळणे, माणसे उचलून छावणीत नेणे, स्त्रियांची तपासणी करणे, या साऱ्यांत सक्ती पुष्कळ होती आणि पुरावा अत्यल्प. पुण्यात त्या सक्तीची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले निवर्तल्या.

या गदारोळात मुंबईत एक शास्त्रज्ञ शांतपणे लस तयार करीत होता. वाल्देमार हाफकिन हे त्याचे नाव. मूळचा रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा, ज्यू कुळातला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वाढलेला. मारलेल्या प्लेगजंतूंची ही लस त्याने १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तीमुळे अपाय होत नाही, एवढे त्यावरून कळले. ती उपयोगी पडते की नाही, हे एका माणसावरून कळणे शक्यच नव्हते.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस घ्यायला कोण तयार आहे, असे बंद्यांना विचारण्यात आले आणि जवळजवळ निम्म्यांनी हात पुढे केले. पुढील काही दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही वाचले. तुरुंग एक, अन्न एक, हवा एक. फरक फक्त लसीचा. ही तुलना बोलकी होती. तथापि तिच्यात एक उणीव राहून गेली होती. लस घेणारे आपणहून पुढे आलेले होते. आपणहून पुढे येणारा माणूस कदाचित अधिक धट्टाकट्टा असेल, कदाचित अधिक सावध असेल. मग तो वाचला तो लसीने, की मुळातल्या प्रकृतीने? शिवाय तुरुंगातल्या माणसाची ‘तयारी’ कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न निराळाच.

उंडेरा, १८९८

या उणिवेचे उत्तर हाफकिनने गुजरातेत शोधले, आणि ते शोधायला त्याला सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात जागा मिळाली. बडोद्यालगतच्या उंडेरा नावाच्या खेड्यात १८९८ च्या प्रारंभी प्लेग चालू होता. बडोदा राज्याच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने हाफकिन तेथे गेला. गावातली कुटुंबे घरवार एकत्र करण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. हे निम्मे निवडताना दोन्ही बाजूंना पुरुष, स्त्रिया, मुले, सशक्त आणि अशक्त यांचे प्रमाण होईल तितके सारखे राहावे, अशी दक्षता घेतली गेली. एकूण ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जणांना मिळाली नाही.

सुमारे सहा आठवड्यांनी अधिकारी पुन्हा गावात गेले आणि त्यांनी घरोघर चौकशी केली. मधल्या काळात २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. या कुटुंबांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ दगावले. लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांपैकी २७ जणांना झाला आणि २६ दगावले.

या चार ओळींवर क्षणभर थांबावे, अशी वाचकांस विनंती आहे. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणारी, त्याच उंदरांच्या सहवासात झोपणारी ही माणसे. बापाला लस आहे, थोरल्या मुलाला नाही. सासूला आहे, सुनेला नाही. लस न घेतलेल्या दर शंभरांमागे चाळीस मृत्यू. लस घेतलेल्यांत दर शंभरांमागे चार. घर सधन होते, अंगण स्वच्छ होते, देवीचा कौल मिळाला होता, अशी कोणतीही दुसरी कारणे पुढे केली तरी ती दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडतात आणि म्हणून गळून पडतात. उरते ती लस. पुराव्याची ही रीत इतकी साधी आहे की जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणालाही समजावी. म्हणूनच ती एवढ्या उशिरा सुचावी, याचे नवल वाटते.

अगदीच सुचली नव्हती असे नाही. जेम्स लिंड या इंग्रज आरमारातील वैद्याने १७४७ मध्ये स्कर्व्हीने आजारी अशा १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला होता. संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. परंतु आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र सुरू केला तो १७९५ मध्ये, जवळजवळ अर्ध्या शतकाने. पुरावा मिळणे आणि तो मानला जाणे यांत एवढे अंतर पडू शकते.

उंडेऱ्याच्या रीतीतही एक फट होतीच. कोणाला लस द्यायची, हे अखेर माणसेच ठरवीत होती. आणि ठरवणाऱ्याचा कल नकळत एका बाजूला झुकू शकतो. ही फट बुजवायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा आखली तेव्हा कोणत्या रोग्याला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक अंकांवर, म्हणजे एका परीने सोडतीवर सोपवले. तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सोडतीला नातेगोते नसते, दया नसते आणि हट्टही नसतो.

आपल्या देशाने ही रीत लवकर उचलली. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरातच औषधे दिली. कोण कोठे जाणार हे सोडतीने ठरले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचला नाही, असे १९५९ मध्ये दिसून आले. क्षयरोग्याला घराबाहेर काढण्याची जुनी प्रथा जगभर मोडली ती या पुराव्यामुळे. अशा रीतीने चालणाऱ्या उपचारपद्धतीला पुढे, १९९० नंतरच्या दशकात, ‘पुराव्यावर आधारलेले वैद्यक’ असे नाव मिळाले. नाव नवे असले तरी तिचे एक मूळ बडोद्याशेजारच्या खेड्यात आहे, याचा आपल्याला विसर पडू नये.

एका बाटलीची गोष्ट

पुराव्याची गरज जशी गुण सिद्ध करायला लागते तशी दोष ठरवायलाही लागते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी १०७ जणांना हाफकिनची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. साहजिकच लोकांनी आणि सरकारनेही बोट दाखवले ते मुंबईच्या प्रयोगशाळेकडे. हाफकिनची चाकरी थांबली, नाव बदनाम झाले.

मोजणी नीट केली तेव्हा निराळीच गोष्ट दिसली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. मेलेले एकोणीसच्या एकोणीस जण एकाच बाटलीतली लस घेतलेले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीच झाले नव्हते. लसच सदोष असती तर दोष एकाच बाटलीपुरता कसा राहिला? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हेही कागदोपत्री आले. एवढे असूनही हाफकिनची निर्दोषता मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांना त्यासाठी वृत्तपत्रांतून झगडावे लागले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचे नाव देण्यात आले. तोवर त्याने भारत सोडून दशक उलटले होते.

सुरत, सप्टेंबर १९९४

आता आपल्या शहराकडे येऊ. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी उंदीर मरू लागले आणि गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. सप्टेंबरात तापीला पूर आला. पाणी ओसरले तेव्हा सखल वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे उरली. गणपती विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांतच वेड रोड आणि कतारगामच्या बाजूचे, ताप आणि रक्ताची थुंकी असलेले रोगी सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले आणि त्यांतले काही तासांत दगावू लागले. २१-२२ सप्टेंबरला ‘प्लेग’ हा शब्द शहरभर पसरला. पुढच्या काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले. त्यांत यंत्रमागावरचे आणि हिऱ्याच्या कारखान्यांतले मजूर होते, व्यापारी होते आणि खुद्द डॉक्टरही होते. अनेक देशांनी भारताशी विमानसेवा थांबवली. सुरतेतील बळींची संख्या पन्नाशीच्या आसपास होती. लाखो माणसे पळाली त्या मानाने हा आकडा लहान. पण गेलेल्या प्रत्येकाच्या घरी तो आकडा नव्हता.

आणि लगेच वाद सुरू झाला : हा प्लेग होता का? शंका घेणारे काही अडाणी नव्हते. नामांकित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी विचारले, की फुप्फुसाचा प्लेग एवढा संसर्गजन्य, तर एकेका घरात बहुधा एकच रोगी का? शुश्रूषा करणाऱ्यांत साथ का नाही? मेलिऑयडोसिससारखा दुसरा एखादा रोग तर नव्हे? हे प्रश्न रास्त होते. अशा प्रश्नांनीच शास्त्र पुढे जाते.

त्यांचे उत्तर त्वरित का देता आले नाही, हे मात्र आपण सुरतकरांनी समजून घेतले पाहिजे, कारण त्यात आपलाही हात होता. प्लेग निश्चित करायचा तर रोग्याच्या थुंकीतून जंतू वाढवून दाखवावा लागतो. पण शहरात जो तो टेट्रासायक्लिन घेत होता. रुग्णालयात येण्यापूर्वीच अनेकांच्या पोटात कॅप्सूल गेलेली होती. औषध आधी आणि नमुना नंतर, म्हणजे जंतू हाती लागण्याची आशा कमी. दुसरा मार्ग रक्तातील प्रतिपिंडांचा. त्यासाठी एकाच माणसाचे रक्त दोनदा घ्यावे लागते, आजारात एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा. दोन्हींतली वाढ हा पुरावा. परंतु पहिले रक्त दिलेले कित्येक रोगी दुसऱ्यांदा द्यायला शहरात होतेच कोठे? भीतीने माणसे पळाली आणि जाताना पुरावाही सोबत घेऊन गेली.

कॅप्सूलबद्दलही असेच. आम्ही गोळ्या घेतल्या म्हणून वाचलो, असे आजही घरोघर सांगितले जाते. असेलही. रोग्याच्या निकट सहवासात आलेल्यांना ते औषध देणे योग्यच होते. पण अडाजणला बसून, रोग्याचे तोंडही न पाहता ज्यांनी आठवडाभर कॅप्सूल घेतल्या, त्यांना त्यांनीच वाचवले असे म्हणायला आधार कोणता? उंडेऱ्याच्या घरात जशी लस न घेतलेली चौसष्ट माणसे होती, तशी गोळी न घेतलेली माणसे कोणी मोजली नाहीत. आपल्याकडे फक्त कंकण आहे, आरसा नाही. उलट गरज नसलेल्यांनी दुकाने रिकामी केली तेव्हा गरजवंताला ते औषध मिळाले का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

शासनाने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९९५ मधील अहवालात ही साथ प्लेगचीच असल्याचा निर्वाळा दिला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या वेळी मिळालेल्या जंतूंच्या जनुकीय द्रव्याची तपासणी करून ते प्लेगचेच जंतू असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे दोन-चार दिवसांत ज्याचे उत्तर हवे होते ते मिळायला सहा वर्षे लागली. तुलनेसाठी एवढे सांगता येईल, की फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात शिमला जिल्ह्यात पुन्हा फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा १६ रोगी आणि ४ मृत्यूंवर साथ थांबली, आणि नमुन्यांची तपासणी होऊन रोगाचे निदानही वेळेत पक्के झाले. सुरतेचा धडा कोणीतरी शिकले होते.

‘ते’ आणि ‘आम्ही’

आता जे लिहायचे ते लिहिताना संकोच वाटतो. तरीही ते टाळणे बरे नव्हे.

त्या दिवसांत शहरात एक वाक्य वरचेवर ऐकू येई : प्लेग महाराष्ट्रातून आला, मराठी मजुरांनी आणला. बीडमध्ये आधी, सुरतेत नंतर, मधे मजुरांची ये-जा, झाला निष्कर्ष. लिंबायत, उधना, पांडेसरा भागातल्या खानदेशी कुटुंबांकडे लोक संशयाने पाहू लागले. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला, धुळ्याकडच्या, घरमालकाने सामान बाहेर काढायला लावले. त्या घरात कोणालाही ताप नव्हता.

आणि आपण, जुनी मराठी घराणी, काय करीत होतो? गायकवाडीच्या काळापासून किंवा सरकारी चाकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेले, गोपीपुऱ्यात आणि नानपुऱ्यात नांदलेले, घरात मराठी आणि अंगणात गुजराती बोलणारे आपण, त्या वाक्याला काय उत्तर देत होतो? आम्हाला आठवते ते असे, की आपल्यातले पुष्कळजण घाईने म्हणत, “ते निराळे, आम्ही निराळे. आम्ही इथलेच.” हे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याने आरोप खोडला गेला नाही, फक्त तो दुसऱ्याच्या दारात ढकलला गेला. शेजाऱ्याने पुरावा मागितला नाही, आणि आपणही मागितला नाही.

मागायला हवा होता, आणि त्याला शास्त्र लागत नव्हते. सुरतेतले बहुसंख्य मराठी कामगार तेव्हाही खानदेशातले होते, तापीकाठच्या रेल्वेने भुसावळच्या बाजूने येणारे. मामला बीड जिल्ह्यात, मराठवाड्यात. खानदेशाहून कितीतरी दूर. नकाशावर दोन्ही महाराष्ट्रातच आहेत एवढ्यावरून धुळ्याचा माणूस बीडचा प्लेग आणतो असे ठरवणे म्हणजे पुण्याला पडसे झाले म्हणून नागपूरकराला दोष देण्यासारखे. शिवाय बीडकडे संशय होता तो गाठीच्या प्लेगचा, सुरतेत होता तो फुप्फुसाचा. दोहोंचा संबंध अशक्य नाही. पण तो दाखवायचा तर अमुक माणूस अमुक दिवशी अमुक गावाहून आला, आजारी होता, आणि त्याच्या सहवासातून अमुक जण आजारी पडले, अशी साखळी दाखवावी लागते. त्या सप्टेंबरात ज्यांनी बोट दाखवले त्यांच्यापैकी कोणाच्याही हाती अशी साखळी नव्हती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याला दोषी ठरवले गेले. ही म्हण आपलीच. तिचा उपयोग करण्याची वेळ आली तेव्हा मात्र आपण गप्प राहिलो.

मोजणारे शहर

प्लेगनंतरचे सुरत आपण पाहिले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. अधिकारी सकाळी कार्यालयात न बसता वस्त्यांत फिरू लागले, अतिक्रमणे हटली, कचरा रोज उचलला जाऊ लागला. घाणीने लाजलेले शहर स्वच्छतेसाठी ओळखले जाऊ लागले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर ते इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. याचा आपल्याला अभिमान आहे.

आपण घेतलेले व्रत मात्र येथेही पाळले पाहिजे. स्वच्छतेमुळे प्लेग परत आला नाही, असे आपण म्हणतो. परंतु ज्या शहरांत अशी साफसफाई झाली नाही तेथेही तो परत आलेला नाही. तेव्हा हा निष्कर्ष पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. आमच्या मते त्या वर्षांतील अधिक मोलाची, पण कमी बोलली गेलेली गोष्ट निराळी आहे. महापालिकेने रोगांची नोंद ठेवायला आरंभ केला. कोणत्या भागात किती ताप, किती हिवताप, याची माहिती खासगी दवाखान्यांतूनही गोळा होऊ लागली. आकडा चढला की त्या वस्तीत माणसे पोहोचत. झाडू डोळ्यांना दिसतो, वही दिसत नाही. पण झाडू कोठे फिरवायचा हे वही सांगते. सुरतेच्याच सेंटर फॉर सोशल स्टडीजचे घनश्याम शहा यांनी प्लेग आणि या शहराची वाढ यांवर १९९७ मध्ये ग्रंथ लिहिला. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

वहीचे सामर्थ्य महाराष्ट्रात पाहायचे तर गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. जन्म आणि मृत्यू दोन्हीकडे सारख्याच काळजीने नोंदले गेले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले, आणि ती पद्धत पुढे देशाच्या धोरणात आली. उंडेऱ्यात घर होते, येथे गाव होते, रीत तीच.

आपण काय विचारावे

यातून आपल्यासारख्या सामान्य वाचकाने काय घ्यावे? शास्त्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. एखादा उपाय गुणकारी आहे असे कोणी सांगितले, मग तो डॉक्टर असो, वैद्य असो वा शेजारी, तर चार गोष्टी विचाराव्यात. गुण आला म्हणता, तो कशाच्या तुलनेत? तुलना केलेली माणसे सर्व बाबतींत सारखी होती का, आणि त्यांची निवड कोणी केली? ज्यांना गुण आला नाही त्यांचीही मोजणी झाली का? आणि अपाय किती जणांना झाला?

कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, हे प्रश्न पुन्हा दारात उभे राहिले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची प्रथम वाहवा झाली. इंग्लंडमधील हजारो रोग्यांवरील परीक्षेत ते रुग्णालयातील रोग्यांना निरुपयोगी ठरले, आणि त्याच परीक्षेत जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांचे प्राण वाचवते असे दिसले. तरी दुसऱ्या लाटेत आपल्या घरातली माणसे रेमडेसिविरसाठी रांगेत उभी राहिली, दागिने मोडून ते मिळवू लागली. मृत्यू टाळण्यात त्याचा लाभ नगण्य असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या परीक्षेत त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, दिसले होते. रांगेतल्या माणसाला आम्ही दोष देत नाही. घरचे माणूस तळमळत असताना कोणीही उभे राहील. पण रोग येण्याआधीच्या शांत दिवसांत पुरावा मागण्याची सवय लागलेली असली, तर त्या दिवशी निदान कोणाला तरी रांगेतून परत फिरवता येते.

शेवटी पुन्हा उंडेऱ्याकडे वळतो. त्या गावात लस न मिळालेली ४३७ माणसे होती. प्लेग शिरलेल्या घरांतली सव्वीस त्यांतूनच गेली. आज असा प्रयोग माणसांना सर्व समजावून, त्यांची संमती घेऊन, समितीपुढे ठेवूनच करता येतो, आणि एका बाजूचा लाभ स्पष्ट दिसू लागताच तो थांबवावा लागतो. हे योग्यच आहे. त्या काळी तसे नव्हते. त्या सव्वीस जणांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांत कोणाची सून होती, कोणाचा थोरला मुलगा होता. लस गुणकारी आहे हे जगाला कळले ते त्यांच्या मृत्यूची नोंद कोणीतरी प्रामाणिकपणे केली म्हणून. पुरावा हा शब्द कोरडा वाटतो, परंतु त्याच्या पोटात अशी माणसे असतात. तो न मागता एखादी गोष्ट खरी मानणे, किंवा एखाद्या माणसाला दोषी मानणे, म्हणजे त्यांचे ऋण विसरणे होय.

१९९४ च्या सप्टेंबरातील पत्रे, डायऱ्या, औषधांच्या चिठ्ठ्या, गावी पाठवलेल्या तारा आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून असतील. वाड्यांच्या जागी इमारती होत आहेत, माळे रिकामे होत आहेत. ते कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. आपण त्या दिवसांत काय पाहिले, काय मानले आणि काय केले, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. आणि लिंबायत-उधन्यातल्या घरांतही तो आहे. तेथे जाऊन तो मागण्याचे पाऊल मात्र आपल्याला टाकावे लागेल.